मिसर देशाचा निर्माणकर्ता देव आणि आपण



ईस्टरच्या आदल्या रात्री हातात पेटत्या मेणबत्त्या घेऊन आपण चर्चमध्ये बसतो, तेव्हा पहिले वाचन होते ते उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचे. अंधार, खोल पाणी आणि त्यावर घुमणारा देवाचा शब्द. लहानपणापासून ऐकत आल्यामुळे ते आपल्याला अगदी घरचे वाटते.

आमच्या बायबल वर्गात एकदा कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने हात वर केला. तो म्हणाला, “प्राचीन इजिप्तच्या लिखाणातही सुरुवातीला पाणीच होते असे मी वाचले. शब्दाने जग निर्माण करणारा देवही त्यांच्याकडे होता. मग हे सगळे आपल्या लोकांनी तिथूनच उचलले का?” वर्ग गप्प झाला. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “बाबा, असले प्रश्न विचारू नयेत. श्रद्धा डळमळते.”

आम्हांला मात्र तो प्रश्न प्रामाणिक वाटला. प्रश्न विचारल्याने श्रद्धा जात नाही. उत्तर न शोधता तो दडपून ठेवला तर मात्र ती आतून पोकळ होत जाते. म्हणून पुढच्या काही वर्गांत आम्ही सर्वांनी मिळून इजिप्तच्या निर्माणकर्त्या देवाचा अभ्यास केला. त्याचे सार आज या पानावर देत आहोत.

मिसर देश आपल्याला परका नाही

बायबलमधला मिसर देश म्हणजेच इजिप्त. अब्राहाम दुष्काळात तिथे गेला. योसेफ तिथे गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे मोठा अधिकारी झाला. उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायात योसेफाच्या पत्नीचे नाव आहे आसनथ. ती ओन नगराच्या पुजाऱ्याची मुलगी होती. ओन म्हणजे ग्रीक लोकांनी ज्याला ‘हेलिओपोलिस’, सूर्याचे नगर, म्हटले तेच शहर. इजिप्तच्या सर्वांत जुन्या निर्मितिकथेचे माहेरघर हेच. म्हणजे ज्या देवाबद्दल आपण पुढे वाचणार आहोत, त्याच्या गावची मुलगी योसेफाच्या घरात सून म्हणून आली होती!

मोशे फारोच्या घरात वाढला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात संत स्तेफन सांगतो की मोशेला इजिप्तच्या सर्व विद्येचे शिक्षण मिळाले होते. बाळ येशूला घेऊन मरिया आणि योसेफ यांनी आश्रय घेतला तोही याच देशात. तेव्हा इजिप्तचे लिखाण वाचणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरात डोकावण्यासारखे आहे. आदराने डोकावले तर त्यात गैर काही नाही.

ख्रिस्तसभेचीही हीच भूमिका आहे. १८२२ साली शाँपोलियन या फ्रेंच विद्वानाने इजिप्तची चित्रलिपी उलगडली. त्यानंतर सतराच वर्षांनी, १८३९ साली, पोप सोळावे ग्रेगरी यांनी व्हॅटिकनमध्ये इजिप्तच्या प्राचीन वस्तूंचे संग्रहालय उघडले. पोप बारावे पायस यांनी १९४३ सालच्या आपल्या विश्वपत्रात बायबलच्या अभ्यासकांना सांगितले की प्राचीन पूर्वेकडील लोकांची लिहिण्याची रीत समजून घ्या, म्हणजे पवित्र लेखकाला काय म्हणायचे होते ते नीट कळेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते नाकारायचे नाही, असे स्पष्ट केले.

पाण्यातून वर आलेली टेकडी

दर वर्षी उन्हाळ्यात नाईल नदीला पूर येई आणि सगळे खोरे पाण्याखाली जाई. मग पूर ओसरू लागला की आधी उंचवट्याची जमीन डोके वर काढी, तिच्यावर ताजा काळा गाळ असे आणि काही दिवसांत त्यावर हिरवे कोंब फुटत. इजिप्तच्या शेतकऱ्याने हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. जगाची सुरुवात कशी झाली असेल, असा विचार करताना त्याच्या डोळ्यांपुढे हेच चित्र आले, यात नवल नाही.

ओन नगराच्या पुजाऱ्यांनी सांगितलेली कथा अशी. प्रथम ‘नून’ नावाचा अथांग, काळोखा जलाशय होता. त्यात ‘अतुम’ हा देव आपणहून अस्तित्वात आला. त्याला आईबाप नव्हते. पाण्यातून वर आलेल्या आद्य टेकडीवर तो उभा राहिला आणि त्याने आपल्या देहातूनच शू आणि तेफनुत ही जोडी निर्माण केली. शू म्हणजे हवा. तेफनुतचा संबंध सहसा ओलाव्याशी जोडतात. त्यांच्यापासून गेब म्हणजे पृथ्वी आणि नुत म्हणजे आकाश. त्यांची मुले ओसिरिस, इसिस, सेत आणि नेफ्थिस. अतुम धरून हे नऊ देव.

या कथेचे सर्वांत जुने उल्लेख ‘पिरॅमिड लेख’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंत्रांत सापडतात. सक्कारा येथे उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये, इ.स.पूर्व सुमारे २३५० मध्ये, ते प्रथम भिंतींवर कोरले गेले. म्हणजे अब्राहामाच्याही आधी. राजा मेल्यावर त्याने देवांबरोबर पुन्हा जिवंत व्हावे, यासाठी ते होते. मरण समोर आले की माणूस आरंभाकडे वळतो, हे इतके जुने आहे. ज्याने पहिल्यांदा जीवन दिले तोच पुन्हा देईल, ही त्यामागची आशा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इजिप्तमध्ये निर्मितीची एकच ठरलेली कथा नव्हती. प्रत्येक मोठ्या देवस्थानाची आपली कथा होती, आणि लोकांना त्यात विसंगती वाटत नसे. शिवाय निर्मिती एकदाच होऊन संपली असेही ते मानीत नसत. सूर्यदेव रा रोज रात्री नावेतून पाताळातून प्रवास करी, तिथे अपोफिस नावाचा सर्प त्याला गिळू पाही, आणि तो हरला की सकाळ होई. प्रत्येक पहाट म्हणजे पुन्हा एकदा पहिला दिवस!

हृदय आणि जीभ

आता त्या मुलाच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. शब्दाने निर्मिती करणारा देव म्हणजे मेम्फिस नगराचा ‘प्ताह’. तो कारागिरांचा देव. त्याची कथा एका काळ्या दगडावर कोरलेली आहे. तो दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असून शबाका राजाच्या नावाने ओळखला जातो. इ.स.पूर्व सुमारे ७१० मध्ये शबाका राजाने तो कोरून घेतला. जुना लेख किड्यांनी खाल्लेला आढळला म्हणून आपण तो दगडावर उतरवून घेतला, असे राजा त्यात सांगतो. पुढे कोणीतरी तो दगड भलत्याच कामाला वापरला. मधोमध भोक पडले आणि पुष्कळ अक्षरे झिजून गेली.

त्यातली कल्पना अशी. डोळे पाहतात, कान ऐकतात, नाक श्वास घेते, आणि सगळे जण हृदयाला वर्दी देतात. हृदय विचार करते आणि त्याने जे ठरवले ते जीभ बोलून दाखवते. प्ताहने अशाच रीतीने हृदयात योजना केली आणि जिभेने नाव उच्चारले. तेव्हा देव, माणसे, पशू, गावे, कला, हस्तकौशल्ये असे सर्व अस्तित्वात आले. सगळे झाल्यावर प्ताह तृप्त झाला. तिथे जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘विसावला’ असाही होतो.

हे वाचून वर्गातले बरेच जण चकित झाले. उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ आपोआप आठवतो. पण मग ‘उचलले’ म्हणायचे का? हा लेख किती जुना याबद्दल विद्वानांची मते बदलत गेली. पूर्वी तो पिरॅमिडच्या काळाइतका प्राचीन मानत. आज बहुतेक अभ्यासक तो त्याहून पुष्कळ नंतरचा समजतात. कोणी कोणाचे वाचले, याचा पुरावा नाही. आणि खरे सांगायचे तर त्याची गरजही नाही. आधी मनात योजना, मग तोंडून शब्द आणि मग हातून काम, हा तर प्रत्येक सुताराचा आणि गवंड्याचा अनुभव आहे. निर्माणकर्त्याचा विचार करताना दोन समाजांना एकच उपमा सुचावी, हे समजण्यासारखे आहे.

कुंभाराचे चाक

तिसरा निर्माणकर्ता ‘ख्नूम’, मेंढ्याच्या मस्तकाचा देव. तो कुंभार आहे. नाईलच्या मातीचा गोळा चाकावर ठेवून तो माणूस घडवतो. हत्शेपसूत राणीच्या देर अल-बहारी येथील मंदिरात, इ.स.पूर्व पंधराव्या शतकात, ख्नूम चाकावर राणीला घडवत असल्याचे चित्र कोरलेले आहे. एस्ना येथील ख्नूमच्या मंदिरात रोमन राजवटीतही त्याची स्तुती कोरली जात होती. म्हणजे दीड हजार वर्षांहून अधिक काळ ही प्रतिमा टिकली.

देवाने मातीतून माणूस घडवला हे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आहे, आणि यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी गेला तो प्रसंगही आपल्याला ठाऊक आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागते तेव्हा आपणही तीच ओळख पुन्हा सांगतो. माणूस माती आहे हे सर्वांनीच ओळखले होते. ती माती कोणाच्या हातात आहे आणि तो हात कसा आहे, हा पुढचा प्रश्न.

निर्माणकर्त्याची चार सत्कृत्ये

आमच्या मते या सगळ्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा उतारा अल-बर्शा येथील लाकडी शवपेट्यांवर सापडतो. काळ इ.स.पूर्व सुमारे २०००. अभ्यासकांनी त्या मंत्राला ११३० हा क्रमांक दिला आहे. त्यात ‘सर्वांचा स्वामी’ स्वतः बोलतो आणि आपण केलेली चार चांगली कामे सांगतो.

पहिले, मी चार दिशांचे वारे निर्माण केले, म्हणजे प्रत्येकाला श्वास घेता यावा.

दुसरे, मी महापूर निर्माण केला, म्हणजे त्यावर थोरामोठ्यांइतकाच गरिबाचाही हक्क असावा.

तिसरे, मी प्रत्येक माणूस त्याच्या शेजाऱ्यासारखाच घडवला. त्यांनी वाईट करावे अशी आज्ञा मी दिली नाही; माझा शब्द मोडला तो त्यांच्या हृदयांनी.

चौथे, माणसाच्या हृदयाला मरणाचा विसर पडू नये अशी व्यवस्था मी केली, म्हणजे देवाला द्यायचे ते तो देत राहील.

त्यानंतर तो म्हणतो की देव त्याच्या घामातून झाले आणि माणसे त्याच्या डोळ्यांतल्या आसवांतून. इजिप्तच्या भाषेत ‘माणसे’ आणि ‘आसवे’ हे दोन शब्द कानाला जवळजवळ सारखे लागतात.

बंधुभगिनींनो, हे शब्द चार हजार वर्षांपूर्वीचे आहेत. ते लिहिले गेले त्या देशात राजाला देवाचा पुत्र मानीत, आणि त्याच देशात कोणीतरी लिहून ठेवले की हवा सर्वांची, पाणी सर्वांचे, आणि माणसे एकमेकांच्या बरोबरीची. जगात दुष्टपणा का, याचे उत्तर त्यांनी देवावर ढकलले नाही. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम हव्वेकडे बोट दाखवतो आणि हव्वा सर्पाकडे. इथे तो मार्गच बंद केला आहे. दोष हृदयाचा, म्हणजे आपला.

माणसांचे बंड

याच विषयावरची एक कथा ‘स्वर्गीय गाय’ या नावाच्या लेखात आहे. तिचा सर्वांत जुना भाग तुतनखामुनच्या थडग्यातल्या सोन्याच्या पत्र्याने मढवलेल्या देव्हाऱ्यावर आहे आणि पुढे सेती राजाच्या थडग्यातही ती कोरलेली आहे. रा देव म्हातारा झाला. त्याची हाडे चांदीची आणि मांस सोन्याचे झाले. माणसांनी त्याच्याविरुद्ध कट केला. त्याने देवांची सभा बोलावली आणि हॅथोर देवीला माणसांच्या नाशासाठी पाठवले. तिने कत्तल सुरू केली. तेव्हा रा देवाला माणसांची दया आली. त्याने सात हजार घागरी बिअर तयार करवली, तिच्यात तांबडी माती मिसळली आणि रातोरात शेतांत ओतून ठेवली. सकाळी देवीला ते रक्त वाटले. ती प्यायली, झिंगली आणि माणसांना ओळखेनाशी झाली. उरलेली माणसे वाचली.

नोहाची आठवण येते ना? पण शेवट पाहा. रा देव म्हणतो की आता माझे मन थकले, मला माणसांजवळ राहायचे नाही. तो गाय झालेल्या नुतच्या पाठीवर बसून आकाशात निघून जातो. नोहाच्या गोष्टीत जलप्रलयानंतर परमेश्वर माणसाशी करार करतो आणि ढगांत धनुष्य ठेवतो. तिथे देव दूर गेला, इथे देव जवळ आला. साम्य शोधताना हा फरक निसटू देऊ नये.

मेंढपाळ झोपला का?

इजिप्तच्या साहित्यात माणसाला देवाचा कळप म्हटले आहे. मेरिकारे या राजपुत्राला त्याच्या पित्याने केलेला उपदेश प्रसिद्ध आहे. त्यात म्हटले आहे की देवाने आपल्या कळपासाठी आकाश आणि पृथ्वी केली, पाण्यातल्या राक्षसाला हटवले, त्यांच्या नाकात श्वास दिला. माणसे त्याच्याच देहातून निघालेल्या त्याच्या प्रतिमा आहेत. ती रडतात तेव्हा तो ऐकतो. आणि दुष्टाने अर्पण केलेल्या बैलापेक्षा सरळमार्गी माणसाचा स्वभाव देवाला अधिक आवडतो, असेही तो बाप मुलाला सांगतो. एरवी ‘देवाची प्रतिमा’ हा मान बहुधा राजाचा असे. तुतनखामुन या नावाचा अर्थच ‘अमूनची जिवंत प्रतिमा’ असा आहे. पण या उपदेशात तो मान सर्व माणसांना मिळाला.

याच्या उलट इपुवेर नावाच्या माणसाचे गाऱ्हाणे हॉलंडमधल्या लायडन येथील पपायरसवर आहे. देशात अनागोंदी माजली आहे. चोर धनवान झाले आहेत, लेकरे मरत आहेत. इपुवेर सरळ जाब विचारतो की सर्वांचा मेंढपाळ म्हणतात तो आहे कुठे? त्याला झोप लागली आहे का? पहिल्याच पिढीत माणसाचा स्वभाव त्याला कळला असता तर त्याने तेव्हाच दुष्टपणाचे बी चिरडले असते!

आमच्या वर्गात या ठिकाणी बराच वेळ कोणी बोलले नाही. ज्या घरात अकाली मृत्यू झाला आहे, त्या घरात हा प्रश्न विचारला गेला आहेच. ईयोबाने तो विचारला, स्तोत्रकारांनी विचारला, क्रुसावरून आपल्या प्रभूनेही त्यागल्याची आर्त हाक दिली. देवाला जाब विचारणारा माणूस नास्तिक नसतो. ज्याच्याकडून अपेक्षाच नाही, त्याला कोणी जाब विचारीत नाही.

सूर्याचे स्तोत्र आणि आपले स्तोत्र

इ.स.पूर्व चौदाव्या शतकात अखेनातेन राजाने इतर देवांची उपासना मागे सारून फक्त ‘आतेन’ या सूर्यबिंबाची उपासना चालवली. त्या काळचे मोठे सूर्यस्तोत्र अमार्ना येथे आय नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात कोरलेले सापडले. अंड्यातल्या पिल्लाला श्वास देणारा, निरनिराळ्या देशांच्या लोकांना निरनिराळी भाषा आणि वर्ण देणारा, परदेशांसाठी आकाशात नाईल ठेवणारा, म्हणजे पाऊस पाडणारा, असे निर्माणकर्त्याचे वर्णन त्यात आहे.

ईस्टरच्या जागरात आणि पेन्टेकॉस्टच्या रविवारी आपण स्तोत्र १०४ गातो. त्याचे आणि या सूर्यस्तोत्राचे साम्य अभ्यासकांनी फार पूर्वीच दाखवले. दोन्हींत रात्री सिंह बाहेर पडतात, सकाळी माणूस कामाला जातो, गलबते चालतात. पण रात्रीकडे पाहण्याची दृष्टी निराळी आहे. सूर्यस्तोत्रात रात्र म्हणजे जणू मरण. निर्माणकर्ता मावळला, म्हणून सिंह मोकाट सुटले आणि साप डसू लागले. आपल्या स्तोत्रात अंधारही देवानेच केला आहे, आणि सिंहाचे छावे डरकाळी फोडून देवाकडेच अन्न मागतात. त्याचा देव रात्री मावळत नाही. दुसरा फरक असा की सूर्यस्तोत्रात आतेनला खऱ्या अर्थाने ओळखणारा एकटा राजा आहे, तर स्तोत्र १०४ कोणीही भाविक आपल्या तोंडाने म्हणू शकतो. राजा मेला आणि आतेनची उपासना काही वर्षांत मागे पडली. स्तोत्र आपण अजून गातो आहोत.

माती आणि पेंढा

आणखी एक पुस्तक, ‘अमेनेमोपेचा उपदेश’. हा धान्य आणि जमिनीच्या कारभारावरचा अधिकारी. आपल्या धाकट्या मुलासाठी लिहिलेल्या तीस प्रकरणांत तो सांगतो की विधवेच्या शेताची हद्द सरकवू नको, मापात पाप करू नको, तापट माणसाची संगत धरू नको. १९२४ साली एर्मान या जर्मन विद्वानाने दाखवून दिले की बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या बावीस ते चोवीस या अध्यायांतला मोठा भाग या उपदेशाशी फारच जुळतो. इथे मात्र आपल्या पवित्र लेखकाला इजिप्तचे हे शहाणपण ठाऊक होते, असे बहुतेक विद्वान मानतात. यात संकोच कसला? चांगले ते घ्यावे आणि देवाच्या चरणी ठेवावे, हेच त्या लेखकाने केले.

अमेनेमोपे म्हणतो, आंधळ्याला हसू नको, ठेंगण्याची थट्टा करू नको, लंगड्याचा मार्ग अडवू नको. कारण माणूस म्हणजे माती आणि पेंढा, आणि देव त्याचा बांधणारा आहे. तो रोज पाडतो आणि रोज बांधतो. आता निर्गमचा पाचवा अध्याय उघडा. फारोचे मुकादम इस्रायली लोकांना पेंढा न देता तितक्याच विटा पाडायला लावतात आणि फटके मारतात. माती तीच, पेंढा तोच, देशही तोच. माणूस ही देवाच्या हातची वीट आहे, असे ज्या देशात लिहिले गेले, त्याच देशात माणसांना विटांसाठी राबवले गेले.

यावरून इजिप्तच्या लोकांना नावे ठेवणे सोपे आहे. पण आपल्याही घरात क्रूस टांगलेला असतो आणि त्याखाली कामवालीचा पगार कापला जातो. आपणही सर्व माणसे देवाची लेकरे म्हणतो आणि मग कोणाच्या पंगतीला बसायचे ते पाहून ठरवतो. निर्माणकर्त्याबद्दल सुंदर लिहिणे वेगळे आणि त्याच्या निर्मितीशी नीट वागणे वेगळे.

नेबरे आणि त्याचा मुलगा

शेवटी एका साध्या माणसाबद्दल. राजांची थडगी रंगवणाऱ्या कारागिरांचे गाव होते देर अल-मदिना. तिथे इ.स.पूर्व तेराव्या शतकात नेबरे नावाचा चित्रकार राहत होता. त्याचा मुलगा नख्तअमून आजारी पडला आणि मरणाला टेकला. अमून देवाच्या गायीच्या बाबतीत मुलाच्या हातून काही अपराध घडला होता, अशी समजूत होती. बापाने देवाचा धावा केला. मुलगा बरा झाला. नेबरेने बोललेला नवस फेडला आणि एक दगडी पाटी कोरून मंदिरात लावली. ती आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यात तो सांगतो की अमून गरिबाची हाक ऐकून येतो. सेवकाच्या हातून चूक होणे जसे स्वाभाविक, तसे स्वामीने क्षमा करणे स्वाभाविक. त्याचा राग दिवसभर टिकत नाही.

त्या काळच्या थोर स्तोत्रांत हाच अमून सर्व देवांच्या आधीचा, ज्याचे खरे नाव कोणालाच ठाऊक नाही असा, गूढ निर्माणकर्ता आहे. पण नेबरेला त्या गूढाशी कर्तव्य नव्हते. त्याचे लेकरू आजारी होते आणि जगाच्या मालकाने आपल्या झोपडीकडे पाहावे, एवढीच त्याची विनंती होती.

ही गोष्ट ऐकल्यावर मागच्या बाकावरच्या त्या आजी म्हणाल्या, “म्हणजे बापाचं काळीज तेव्हाही असंच होतं.” मग त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, “बरं झालं रे बाबा, विचारलंस ते.”

मग उत्तर काय?

त्या मुलाला आम्ही दिलेले उत्तर असे. काही ठिकाणी, जसे नीतिसूत्रांत, आपल्या पवित्र लेखकांनी शेजाऱ्यांचे शहाणपण घेतले आहे. काही ठिकाणी, जसे पाणी, माती आणि शब्द यांच्या प्रतिमांत, दोघांचा अनुभव सारखा होता. आणि काही ठिकाणी आपल्या लेखकांनी अगदी वेगळे सांगितले. उत्पत्तीत परमेश्वर पाण्यातून जन्मत नाही. तो पाण्याच्याही आधी आहे. त्याचे कूळ नाही, त्याला शत्रू सर्पाशी रोज झुंजावे लागत नाही. ज्या सूर्याला इजिप्तने देव मानले, तो उत्पत्तीत चौथ्या दिवशी आकाशात टांगलेला एक दिवा आहे. आणि तो देव माणसाला कंटाळून आकाशात निघून जात नाही. उलट आपण मानतो की त्याचा शब्द देही झाला आणि आपल्यात राहिला, आणि बालपणी काही काळ त्याच नाईलच्या देशात निर्वासित म्हणून राहिला.

पण हा फरक सांगताना नेबरेच्या हाकेला तुच्छ लेखू नये. ज्याने त्याला श्वास दिला त्यानेच आपल्यालाही दिला. गरिबाची हाक कोणी ऐकत असेल, ही आशा त्याच्या मनात कोणी पेरली, याचा आपण शांतपणे विचार करावा.

कुटुंबात आणि छोट्या समूहांत चिंतनासाठी

१. पाण्यावर थोरामोठ्यांइतकाच गरिबाचा हक्क आहे, असे चार हजार वर्षांपूर्वी लिहिले गेले. आपल्या परिसरातल्या विहिरी, तळी आणि नळ यांबाबत आपण तसे वागतो का?

२. संकटात आपण कधी देवाला जाब विचारला आहे का? तेव्हा आपल्याला कोणी गप्प केले की आपले ऐकून घेतले?

३. आपल्या घरातली मुले श्रद्धेबद्दल प्रश्न विचारतात तेव्हा आपण काय उत्तर देतो?

४. या आठवड्यात स्तोत्र १०४ रात्री झोपण्यापूर्वी सर्वांनी मिळून सावकाश वाचावे, आणि अंधाराबद्दल त्यात काय म्हटले आहे ते मुलांना शोधायला सांगावे.